कुकरची शिट्टी, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक पितळी बोल्ट

रानजाई

होळीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सांगलीला आईकडे होते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ कुकरला लावलेली. कुकर पाच लिटरचा, बराच जुना. कटाची आमटी करायची म्हणून आई पाणी सढळ घालते, त्यामुळे कुकर चांगला भरलेला होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शिट्टी नाही. शिट्टीखालून एरवी येते तशी बारीक सूं सूं सुद्धा नाही. मी गॅस बंद करायला उठले तेवढ्यात फट्ट आवाज झाला आणि झाकणावरच्या छोट्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचा फवारा थेट छताला. पिवळे डाग अजून आहेत. कुणाला भाजलं नाही, एवढं नशीब.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आईने झाकण दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. त्याने उडालेल्या व्हॉल्व्हच्या भोकात दोन्हीकडून वॉशर लावून पितळी बोल्ट घट्ट आवळून दिला आणि सांगितलं, "आता जन्मात उडणार नाही." आईला काम पसंत पडलं. माझ्या मात्र मनाला ते पटत नाहीये. आईला समजेल अशा भाषेत कुणी सांगेल का, की हा व्हॉल्व्ह नक्की करतो काय?

---

दगडफूल

बापरे! रानजाई, तो कुकर आधी बाजूला ठेव. नवीन व्हॉल्व्ह कितीसा महाग असतो? बाकी कारण जाणकार सांगतीलच.

---

तिसरी_पाळी

ताई, मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. दगडफूल म्हणतात ते बरोबर आहे. तो बोल्ट निघेपर्यंत कुकर गॅसवर चढवू नका. रिकामा सुद्धा नको.

आता कारण. आईंना साखरेच्या पोत्यांचा हिशोब सांगा. कुकरमध्ये साधारण १ किलोचं प्रेशर असतं. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा रेटा. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून ३१४ किलोचा रेटा बसतो. पन्नास किलोची सहा पोती! रोज वरण-भात शिजतो तेव्हा ही सहा पोती त्या झाकणाला आतून ढकलत असतात.

एवढ्या जोराला धरून ठेवते ती शिट्टी केवढी? तिच्या खालच्या नळीचं भोक ३ मिलिमीटरचं असेल, तर तिथे वाफेचा रेटा भरतो फक्त सत्तर-एकाहत्तर ग्रॅम. म्हणून सत्तर ग्रॅमचं वजन वर ठेवलं की झालं. प्रेशर १ किलोच्या वर गेलं की वजन उचललं जातं, वाफ सुटते, प्रेशर उतरतं, वजन परत बसतं. वजन आणि भोक यांचं हे गणित कारखान्यात ठरलेलं असतं. एका कुकरची शिट्टी दुसऱ्याला लावायची नाही, ती याचसाठी.

आणि शिट्टी एकदम का होते, हळूहळू का नाही, हे कधी पाहिलंत का? वजन बसलेलं असताना वाफेला ढकलायला तेवढं ३ मिलिमीटरचं भोकच मिळतं. पण वजन केसभर उचललं गेलं की वाफ त्याच्या पोटाखाली पसरते. तिला ढकलायला जास्त जागा मिळते आणि वजन झटक्यात वर जातं. आता ते परत बसायचं तर प्रेशर नुसतं १ किलोवर येऊन भागत नाही, त्याच्याही खाली उतरावं लागतं. दोन शिट्ट्यांमध्ये जो वेळ जातो तो प्रेशर परत चढायला लागलेला वेळ. आमच्या बॉयलरवरचा दोन माणसांनी उचलायचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुद्धा असाच चालतो. तिथे वजनाऐवजी स्प्रिंग असते, एवढाच फरक.

तुमच्या घरी काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. हरभऱ्याची डाळ फेसाळते. कुकर अर्ध्याच्या वर भरलेला, त्यामुळे फेस वर चढला आणि डाळीचं साल नळीत अडकलं. पहिला दरवाजा बंद झाला. मग दुसऱ्याने काम केलं. जुन्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बहुधा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची बुंदी असते. प्रेशर वाढलं की वाफेचं तापमानही वाढतं. १ किलोला १२० अंश, २ किलोला १३३, ३ किलोला १४३ च्या पुढे. ठरलेल्या तापमानाला ती बुंदी मऊ पडते आणि उडते. पाणी आटून कुकर कोरडा पडला तरी तीच वाचवते, कारण तिथे प्रेशर नसलं तरी उष्णता असते.

म्हणजे तो व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. त्याने तुमच्या आईंना वाचवलं आणि स्वतः गेला. दुरुस्तीवाल्याने त्याच्या जागी भिंत बांधली. पुढच्या वेळी नळी तुंबली तर वाफेने जायचं कुठून? नव्या काही कुकरांच्या झाकणाच्या कडेला एक खाच असते, शेवटचा उपाय म्हणून गॅस्केट, म्हणजे झाकणाचं रबर, तिथून बाहेर ढकललं जातं आणि वाफ निघते. तुमच्या जुन्या झाकणाला ती असेलच असं नाही. झाकणच उडालं तर आतलं १२० अंशांचं पाणी एका क्षणात उकळतं. दोन लिटर पाण्यातलं पाऊणशे ग्रॅमच वाफ होतं, पण त्याची वाफ सव्वाशे लिटर भरते. आणि हा सुद्धा साध्या १ किलो प्रेशरचा हिशोब झाला.

---

रानजाई

दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. "तो बिघडला नव्हता, त्याने वाचवलं" हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मी पण त्याच कुकरला लागून उभी होते." झाकण उद्या बदलायला देणार आहे.

---

जुनी_दप्तरं

फार महत्त्वाचा धागा. वाचनखूण साठवली आहे. रानजाई, तुमच्या कुकरचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा जन्म एकाच घरातला आहे, म्हणून थोडा इतिहास लिहितो.

दनी पापँ हा फ्रेंच संशोधक. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं 'डायजेस्टर' मांडलं. जाड भिंतींचं, घट्ट झाकणाचं भांडं. हाडं मऊ करून त्यातलं सत्त्व काढायचं, हा हेतू. भांडं फुटण्याची भीती होतीच. १६८१ च्या त्याच्या वर्णनात झाकणावर एक लहान झडप आहे, तिच्यावर आडवी दांडी आणि दांडीला अडकवलेलं वजन. तराजूसारखं वजन पुढे-मागे सरकवलं की प्रेशर कमी-जास्त. आपल्या शिट्टीची ती पणजी. १६८२ मध्ये जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने रॉयल सोसायटीतली एक मेजवानी नोंदवली आहे, सगळं जेवण पापँच्या भांड्यांत शिजलेलं आणि हाडं चीजसारखी मऊ झालेली.

आणि बोल्टची गोष्ट सुद्धा जुनीच आहे. १८०३, लंडनजवळचं ग्रीनिच. रिचर्ड ट्रेव्हिथिकचं जास्त प्रेशरवर चालणारं वाफेचं इंजिन पंपिंगच्या कामावर होतं. राखणीला ठेवलेल्या पोराने सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून पक्का केला आणि तो मासे धरायला गेला. बॉयलर फुटला, चार माणसं गेली. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायला सुरुवात केली आणि त्यातला एक असा ठेवला की चालवणाऱ्याचा हात तिथे पोचू नये. शिवाय बॉयलरमध्ये पाण्याच्या किमान पातळीच्या जरा खाली शिशाची बुंदी, पाणी कमी झालं की वितळणारी. तिसरी_पाळी यांनी कुकरच्या ज्या बुंदीबद्दल लिहिलं, तिचं कूळ हे.

अमेरिकेत १८३१ मध्ये 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' या आगगाडीच्या इंजिनावरही तेच झालं. सुटणाऱ्या वाफेच्या आवाजाला कंटाळून फायरमनने व्हॉल्व्ह दाबून ठेवला. स्फोटात तोच गेला.

---

एकविसावा_मजला

माझाही एक प्रश्न, रागावू नका. आमच्या पंधरा लिटरच्या गीझरच्या खाली एक व्हॉल्व्ह आहे, त्याच्या बारीक नळीतून गीझर चालू असताना थेंब थेंब पाणी पडतं. प्लंबर म्हणतो व्हॉल्व्ह लीक आहे, नळीला टोपी लावून देतो. लावू का?

---

तिसरी_पाळी

नाही! टोपी अजिबात लावू नका. हा सुद्धा बोल्टच झाला.

पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ वर नेलं की ते साधारण पाव लिटर वाढतं. गीझरच्या टाकीत पाणी काठोकाठ भरलेलं असतं, आणि पाणी दाबलं जात नाही. वर हवा असती तर ती दबली असती. मागे लाइनमध्ये परत जायला नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, वाट देत नाही. मग ते पाव लिटर जाणार कुठे? त्या नळीतून, थेंब थेंब. तो व्हॉल्व्ह नीट चालतोय याची ती खूण आहे.

मात्र गीझर बंद, पाणी थंड, तरी रात्रंदिवस धार लागली असेल तर गोष्ट वेगळी. एकतर लाइनचं प्रेशर जास्त आहे, किंवा व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, क्षार बसलेत. वरच्या टाकीपासून प्रत्येक दहा मीटर उतरलं की १ किलो प्रेशर वाढतं, त्यामुळे उंच इमारतीत तुमच्या वर किती मजले आहेत ते बघा आणि गीझरवर छापलेलं रेटिंग बघा. ते जुळत नसेल तर लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह घाला. सुटका करणाऱ्याचं तोंड बंद करणं हा इलाज नाही.

नळीचं टोक खाली, मोकळं आणि दिसेल असं ठेवा. भिंतीत गाडू नका.

---

रसायनी

मी केमिकल प्लांटमध्ये प्रोसेसला आहे. तिसरी_पाळी यांच्या लेखनात एक भर घालतो: व्हॉल्व्ह उघडल्यावर पुढे काय?

वाफ आणि पाणी हवेत सोडता येतं. आमच्याकडे आत विषारी, पेटणारं, चिकट असं काहीही असतं. चिकट द्रवाने व्हॉल्व्हची सीटच चिकटून बसते, म्हणून खाली पातळ धातूची रप्चर डिस्क लावतात. ती ठरलेल्या प्रेशरला फाटते आणि मग वरचा व्हॉल्व्ह काम करतो. या दोघांच्या मधल्या पोकळीला प्रेशर गेज लावलेलाच हवा. डिस्कला टाचणीएवढं छिद्र पडलं आणि पोकळीत प्रेशर साठलं, तर वरूनही दाब येतो आणि डिस्क वेळेवर फाटत नाही. आमच्या राउंडच्या चिठ्ठीत त्या गेजचं रीडिंग लिहायचा एक रकाना आहे. तिथे शून्य लिहायचं असतं. नव्या पोरांना मी सांगतो, ते शून्य बघून लिहा, सवयीने लिहू नका.

भोपाळ, डिसेंबर १९८४. मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, प्रेशर चढलं, डिस्क फाटली, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. म्हणजे टाकीला फुटण्यापासून वाचवण्याचं काम व्हॉल्व्हने केलं. पण त्याच्या पुढचा स्क्रबर, म्हणजे वायू धुऊन निरुपद्रवी करणारं यंत्र, एवढ्या लोंढ्यापुढे अपुरा होता आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. सगळा वायू झोपलेल्या वस्तीवर गेला. व्हॉल्व्ह निवडताना त्याच्या पुढच्या नळीचं टोक कुठे जातं ते शेवटपर्यंत चालत जाऊन बघायचं, हे मी तिथून शिकलो.

दुसरं उदाहरण, थ्री माइल आयलंड, अमेरिका, २८ मार्च १९७९. पहाटे चारला अणुभट्टीचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, प्रेशर उतरलं, आणि तो बंद व्हायला हवा होता तो अडकून उघडाच राहिला. कंट्रोल रूममधला दिवा विझला होता. पण तो दिवा फक्त एवढंच सांगत होता की बंद होण्याचा हुकूम गेलाय. व्हॉल्व्ह खरोखर बसला की नाही, हे सांगणारं काही नव्हतं. दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी त्यातून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा जवळजवळ अर्धा वितळला. उघडणं निम्मं काम, परत नीट बसणं उरलेलं निम्मं.

---

दगडफूल

रसायनी, अंगावर काटा आला. एक विचारू? मोठ्या बॉयलरला शिट्टी तपासतात कशी? घरी आपण नळी उजेडात धरून आरपार बघू शकतो, तिथे काय करतात?

---

तिसरी_पाळी

चांगलं विचारलंत. तिथे खरोखर उडवून बघतात. आम्ही त्याला 'सेफ्टी फ्लोट करणे' म्हणतो.

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन होतं. पूजा, नारळ, चेअरमनसाहेबांच्या हातून मोळी पेटते. लोकांना तेवढं दिसतं. आमची परीक्षा त्यानंतर असते. समजा, बॉयलर ४५ किलोचा आहे. ड्रमवर, म्हणजे पाणी-वाफेच्या टाकीवर, दोन सेफ्टी; सुपरहीटरवर, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर, एक. तिघांचं सेट प्रेशर वेगवेगळं. सुपरहीटरचा सर्वांत खाली लावतात, म्हणजे तो सगळ्यात आधी उघडतो आणि सुपरहीटरच्या नळ्यांतून वाफ वाहत राहते. ड्रमचा आधी उघडला तर वाफ वरच्या वर निघून जाईल, नळ्यांना थंड ठेवायला वाफच उरणार नाही आणि त्या जळतील.

५० मिलिमीटरच्या सीटवर ४५ किलो प्रेशर म्हणजे डिस्कखाली ८८० किलोच्या आसपास रेटा. स्प्रिंग एवढी आवळलेली असते. प्रेशर जवळ येतं तसा व्हॉल्व्ह आधी कुजबुजतो, त्याला सिमर म्हणतात. मग पॉप होतो. तो आवाज कान झाकले तरी छातीत घुमतो. छतावरच्या पाइपातून पांढरा खांब उभा राहतो, गावातली माणसं घड्याळ बघतात. आम्ही गेजकडे बघत असतो: कितीला उघडला, कितीला बसला. हा मधला फरक म्हणजे ब्लोडाऊन. तो फार कमी ठेवला तर व्हॉल्व्ह उघड-मीट उघड-मीट करत स्वतःची सीट हाणून खराब करतो. फार जास्त ठेवला तर वाफ फुकट जाते. आतल्या रिंगचा एखादा दात फिरवून तो जुळवतात. सगळं जमलं की सील मारायचं. त्यानंतर स्प्रिंगच्या स्क्रूला हात लावायचा अधिकार कुणाला नाही. बाष्पके संचालनालयाचे इन्स्पेक्टर तपासणीला येतात तेव्हा सेफ्टीवर त्यांचं बारीक लक्ष असतं.

आता जे लिहितोय ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. वरच्या प्रेशरचा व्हॉल्व्ह सेट करताना खालच्या प्रेशरचे आधी उडू नयेत म्हणून त्यांच्या स्पिंडलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, एक दाबस्क्रू लावतात. त्याला गॅग म्हणतात. काम झालं की काढायचा. त्या वर्षी ड्रमचा एक व्हॉल्व्ह सेट झाल्यावरही सिमर करत राहिला, म्हणून तो पुन्हा घेतला आणि त्यासाठी सुपरहीटरवर गॅग परत चढवला. तेवढ्यात पाळी बदलली. वहीत "सेफ्टी फ्लोट पूर्ण" असं लिहिलेलं. सही माझी.

आमचे हेडफिटर सातवी शिकलेले. घरी निघताना त्यांनी हत्याराची पेटी उघडली, गॅग दोन हवेत, एकच होता. त्यांनी कुणाला विचारलं नाही, वही बघितली नाही. सरळ चार जिने चढून वर गेले. गॅग हातात घेऊन खाली आले, अजून गरम होता, चिंध्यात गुंडाळलेला. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पेटी मोजल्याशिवाय सही करू नका." त्या दिवसापासून एकदाही नाही केली.

---

रसायनी

तिसरी_पाळी, हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्या सकाळच्या बैठकीत वाचून दाखवू का?

---

तिसरी_पाळी

जरूर. ते हेडफिटर आता नाहीत, पण त्यांना आवडलं असतं.

---

रानजाई

आईकडे जाऊन आले. आधी शिट्टीची नळी काढून खिडकीकडे धरली, आरपार उजेड दिसेना. स्टोव्हची पिन घालून ढकलल्यावर वाळलेल्या डाळीचं साल बाहेर आलं, नखाच्या आकाराचं, दुमडून घट्ट बसलेलं. कंपनीच्या दुकानात झाकण दाखवलं. दुकानदाराने बोल्ट बघताच झाकण फिरवून आतल्या बाजूला बोट लावलं. आवळण्याने भोकाभोवती बारीक चीर गेलेली होती. तो म्हणाला, व्हॉल्व्ह देतो पण या झाकणाला नाही. मग नवा कुकरच घेतला, तीन लिटरचा, आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा मानकाचा आकडा बघून. आता आई डाळ निम्म्यापर्यंतच भरते आणि शिट्टी लावण्याआधी नळी खिडकीकडे धरते. जुना कुकर झाकणाशिवाय तांदूळ ठेवायला काढलाय.

---

एकविसावा_मजला

टोपी लावली नाही. नळीखाली मग ठेवला आणि सकाळच्या आंघोळीच्या आधी एकदा गीझर पूर्ण तापू दिला. मगात पाणी मोजलं, एक मोठा पेला भरला. तिसरी_पाळी यांचा पाव लिटरचा हिशोब जवळजवळ तंतोतंत आला. प्लंबरला बोलावून मगातलं पाणी दाखवलं. त्याने शेजारच्या विंगेत दोन घरांत टोप्या लावल्या आहेत म्हणे. आज संध्याकाळी आम्ही दोघं मिळून त्या काढायला जातोय.